क्लिप लावली तरी रक्त थांबेना : पोटातल्या हट्टी रक्तस्रावाबद्दल

दुर्बीणवाला (धागाकर्ता)

दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं, "एंडोस्कोपी करून रक्त थांबवलं म्हणाले, मग दोन दिवसांत परत कसं सुरू झालं? पहिल्या वेळी काम नीट केलं नव्हतं का?" उत्तर लांबत गेलं आणि तो धागा होता मूळव्याधीचा, म्हणून हा वेगळा काढला. मी पोटविकारतज्ज्ञ आहे, दिवसातला बराच वेळ हातात एंडोस्कोपीची दुर्बीण असते. लिहितोय ते माहितीपुरतं. कृपया व्यक्तिगत निरोपात रिपोर्ट पाठवू नका, पेशंट न बघता सल्ला देणं मला पटत नाही.

आधी हद्द ठरवू. अन्ननलिका, जठर आणि लहान आतड्याची सुरुवात म्हणजे ड्युओडेनम, एवढ्या टापूतल्या रक्तस्रावाबद्दल बोलतोय. लाल रक्ताची उलटी, कॉफीच्या गाळासारखी उलटी किंवा काळी, चिकट, डांबरासारखी शी ही त्याची लक्षणं. लोहाच्या गोळ्यांनीही शी काळी होते, पण ती चिकट नसते आणि तिला तो वास नसतो. आमच्या वॉर्डातल्या मावशी खोलीच्या दारातूनच सांगतात, "डॉक्टर, ह्यांची खरी काळी आहे." सहसा बरोबर असतात.

यातला बहुतेक रक्तस्राव आपोआप किंवा साध्या उपचाराने थांबतो. हा धागा उरलेल्यांसाठी आहे.

हट्टीपणा कशामुळे येतो? अल्सर खोल जात जात एखाद्या धमनीच्या भिंतीपर्यंत पोचतो. निरोगी जागी धमनी कापली गेली तर ती आकसते आणि आत ओढली जाते. जुन्या अल्सरच्या तळाशी ती घट्ट झालेल्या पेशीजालात रुतून बसलेली असते. तिला आकसता येत नाही आणि भोक उघडं राहतं. त्यातून दोन जागा खास त्रासाच्या. एक, ड्युओडेनमची मागची भिंत, जिच्या मागून गॅस्ट्रोड्युओडेनल धमनी जाते. दुसरी, जठराच्या आतल्या वळणाचा वरचा भाग, जिथे लेफ्ट गॅस्ट्रिक धमनीच्या फांद्या आहेत. अल्सर २ सेंटिमीटरहून मोठा, पेशंट आल्याआल्या शॉकमध्ये (बीपी कोसळलेला) आणि जागा या दोनपैकी एक, असं जुळून आलं की मी नातेवाईकांशी आधीच वेगळ्या सुरात बोलतो.

दुर्बिणीतून अल्सर दिसला की त्याची प्रत ठरवतात. एडिंबराच्या फॉरेस्ट आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये मांडलेली वर्गवारी अजून चालते. पिचकारी उडतेय ती १ए, झिरपतंय ती १बी, रक्त थांबलंय पण नळीचं तोंड उघडं दिसतंय ती २ए, वर गुठळी चिकटलेली ती २बी, नुसता काळा डाग २सी आणि स्वच्छ तळ ३. तुमच्या डिस्चार्ज कार्डावर 'फॉरेस्ट' लिहिलेलं असेल तर ते हे. स्वच्छ तळवाल्याला दुर्बिणीने काही करावं लागत नाही, गोळ्या देऊन घरी. पहिल्या दोन-तीन प्रकारांसाठी आमची धडपड.

पहिला हत्यारसंच तीन गोष्टींचा. १:१०,००० पातळ केलेलं अ‍ॅड्रेनॅलिन अल्सरभोवती टोचायचं, धातूची छोटी क्लिप लावायची किंवा प्रोबने धमनी दाबून धरून शेकायची. इंजेक्शनने जागा फुगते, नळी आवळली जाते, समोरचं स्वच्छ दिसू लागतं. पण औषध काही वेळात पसरून जातं आणि नळी परत सुटते. म्हणून नुसतं इंजेक्शन देऊन बाहेर येणं हा पुरेसा उपचार मानत नाहीत. त्याच्या जोडीला क्लिप किंवा शेक हवाच.

मग क्लिप का फसते? दुर्बिणीच्या वाटेतून जाणारी ही क्लिप अगदी लहान असते. कडक, जाड तळावर तिचे पाय रुतत नाहीत. गोधडीवर कपड्याचा चिमटा लावून बघा, तसं. त्यात ड्युओडेनमच्या मागच्या भिंतीवर दुर्बिणीचं टोक समोरून येतच नाही, कडेकडेने जातं. म्हणजे चिमटा आडवा लागतो.

अशा वेळी गेल्या काही वर्षांत दोन गोष्टी हाताशी आल्या.

एक, दुर्बिणीच्या टोकावर टोपीसारखी बसवायची मोठी दातेरी क्लिप. जर्मनीतल्या ट्युबिंगनच्या ओव्हेस्को कंपनीची ही क्लिप ओटीएससी नावाने ओळखली जाते. निटिनॉल या मिश्रधातूची असते. जखम टोपीत ओढून घ्यायची, हँडलवरचं चाक फिरवायचं, की क्लिप निसटून जखमेवर जबडा मिटते. नळीसकट आजूबाजूचं मांस पकडते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या स्टिंग नावाच्या चाचणीत उपचारानंतर पुन्हा रक्त सुरू झालेले अल्सरचे ६६ पेशंट घेतले होते. नेहमीच्या उपचाराच्या गटात ५७.६ टक्के जणांचं रक्त थांबलं नाही किंवा परत सुरू झालं, या क्लिपच्या गटात १५.२ टक्के. पेशंट थोडे, पण फरक डोळ्यांत भरणारा.

दुसरी, पावडर. हेमोस्प्रे हे त्यातलं सर्वांत माहितीतलं नाव. खनिज भुकटी कार्बन डायऑक्साइडच्या दाबाने बारीक नळीतून फवारायची. ती रक्तातलं पाणी शोषते आणि जागेवर लेप तयार होतो. नेम धरावा लागत नाही हा तिचा मोठा गुण. माणसांवरचा पहिला छोटा अभ्यास हाँगकाँगमधून २०११ मध्ये आला. २० पैकी १९ जणांचं रक्त तिथल्या तिथे थांबलं. पण लेप एक-दोन दिवसांत, फार तर तिसऱ्या दिवशी गळून जातो आणि खालची धमनी होती तिथेच असते. म्हणून मी पावडरीला उधारीची वेळ म्हणतो. त्या वेळात पुढची सोय करायची असते.

आता माझं मत, ज्यासाठी खरं तर धागा काढला. हट्टी रक्तस्रावात माणसं दगावतात त्यात एक कारण वारंवार दिसतं : पहिला उपाय फसला की तोच उपाय आणखी जोर लावून केला जातो. अर्धा तास गेला, चार क्लिपा पडल्या, पाचवी काढा. तोवर पेशंट गार पडतो, रक्त गोठायची क्षमता घटते आणि मग कुठलीच क्लिप उपयोगी पडत नाही. दुर्बीण तोंडात जाण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाला माहीत हवं की हे जमलं नाही तर पुढे काय, आणि ते कोण करणार.

---

सोनचाफा

वाचनखूण साठवली. एवढ्या सोप्या भाषेत पहिल्यांदाच वाचलं.

एक विचारायचं होतं. माझ्या सासऱ्यांना रात्री दहाला रक्ताची उलटी झाली आणि दुर्बीण दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला केली. आम्ही रात्रभर भांडत होतो की आत्ता का नाही. उशीर झाला ना तो?

---

दुर्बीणवाला

सोनचाफा, बहुधा नाही. हाच प्रश्न हाँगकाँगच्या लाऊ आणि मंडळींनी जास्त धोक्याच्या ५१६ पेशंटवर तपासला, २०२० मध्ये निकाल आला. तज्ज्ञाने बघितल्यापासून ६ तासांच्या आत दुर्बीण केलेल्यांत ३० दिवसांतले मृत्यू ८.९ टक्के, ६ ते २४ तासांत केलेल्यांत ६.६ टक्के. घाईने फायदा दिसला नाही. त्या रात्रीत सलाईन, रक्त, आम्ल कमी करणारं इंजेक्शन चालू असतं, बीपी सावरलेला असतो, जठर थोडं रिकामं झालेलं असतं.

मात्र सलाईन आणि रक्त देऊनही ज्यांचा बीपी वर येतच नव्हता त्यांना या अभ्यासात घेतलंच नव्हतं. अशा माणसाला सकाळपर्यंत ठेवायचं नसतं. तुमच्या सासऱ्यांचा बीपी रात्री स्थिर असेल तर डॉक्टरांचं बरोबर होतं.

---

खडूस_आजोबा

लेख चांगला आहे, पण दुसरी बाजू कोण लिहिणार? एक दुर्बीण, मग दुसरी दुर्बीण, मग जर्मन क्लिप. बिलाचा आकडा बघून पेशंटला वेगळा रक्तस्राव होतो. आमच्या वेळी बर्फाच्या पाण्याने पोट धुवायचे आणि थंड दूध द्यायचे. बरे होत होते की लोक.

(हलके घ्या.)

---

रात्रपाळी

आजोबा, मी आयसीयूत सिस्टर आहे. बर्फाचं पाणी माझ्या सिनियर सिस्टरांनी केलंय, त्या सांगतात. पेशंट कुडकुडायचा आणि रक्त चालूच. थंडीने रक्त गोठायचं आणखी मंदावतं, म्हणून ते बंद झालं. बरे झालेले लोक आठवतात कारण बहुतेकांचं आपोआप थांबतंच, वर डॉक्टरांनीच लिहिलंय. न थांबलेले आठवण सांगायला येत नाहीत.

आणि दूध देऊन आणलेला पेशंट म्हणजे आमच्या डोक्याला ताप. दुर्बिणीत दुधाच्या गाठी आणि रक्ताच्या गाठी एकत्र. कृपया रक्ताची उलटी झालेल्याला दूध, ताक, लिंबूपाणी काहीही पाजू नका. एका कुशीवर झोपवा आणि निघा.

दुर्बिणीच्या खोलीतलं थोडं सांगते, नातेवाईकांना दाराबाहेरून कळत नाही ते. पडदा लाल नाही होत, काळा होतो. रक्त प्रकाश पिऊन टाकतं. डॉक्टर पाण्याचा जेट मारतात, ओढून घेतात, अर्धी सेकंद दिसतं, परत काळं. नेहमी पेशंट डाव्या कुशीवर असतो आणि सगळ्या गुठळ्या जठराच्या वरच्या घुमटात साचतात. जखम त्यांच्याखाली असेल तर आम्ही तिघं-चौघं मिळून त्याला उजव्या कुशीवर वळवतो, नळ्या-वायरींसकट. ते वळवणं बघायला ढकलाढकली वाटते, पण अनेकदा त्यानेच जागा सापडते. आधी श्वासनलिकेत ट्यूब घातलेली असेल तर हे निर्धास्त करता येतं, नाहीतर रक्त फुप्फुसात जायची भीती.

---

दुर्बीणवाला

रात्रपाळी, दंडवत. हे मी लिहायला हवं होतं त्याहून चांगलं लिहिलंत.

पुरवणी : दुर्बिणीच्या अर्धा ते दीड तास आधी शिरेतून एरिथ्रोमायसिन दिलं तर जठर हालचाल करून बरंच स्वतःच रिकामं होतं. अँटिबायोटिक म्हणून नाही, त्या दुसऱ्या गुणासाठी. स्वस्त आणि साधं. आणि पाण्याऐवजी पारदर्शक जेल सोडायची जपानी युक्तीही आहे. पाण्यात रक्त मिसळून जातं, जेलमध्ये चटकन मिसळत नाही, त्यामुळे धार कुठून येते ते दिसतं.

---

कृष्णाकाठ

आमचा अनुभव. आई, वय ६८, गुडघेदुखी. तालुक्याच्या ठिकाणी एकाकडून "आयुर्वेदिक" पुड्या आणायची, वर मेडिकलमधून डायक्लोफिनॅकच्या गोळ्या, त्याही रिकाम्या पोटी. एके दिवशी चक्कर येऊन पडली. शी काळी होत होती ते चार दिवस कुणाला बोलली नव्हती, "पालक खाल्ला म्हणून असेल" म्हणे.

पहिल्या हॉस्पिटलात दुर्बीण झाली, ड्युओडेनममध्ये अल्सर, इंजेक्शन टोचलं आणि "थांबलं" म्हणून सांगितलं. दुसऱ्या रात्री परत उलटी. तिथले डॉक्टर सकाळी येतो म्हणाले, सकाळी म्हणाले दुपारी बघू. शेवटी आम्हीच रिक्वेस्ट करून शहरात हलवलं. तिथे ती दातेरी क्लिप लावली. आता आई व्यवस्थित आहे आणि पुड्यावाल्याला शिव्या घालते.

मला पहिल्या हॉस्पिटलचा राग आहेच. पण वर वाचून वाटतं की त्यांच्याकडे ती क्लिप नसेलही. नसेल तर तसं सांगायला काय जातं?

---

औषधवाला

कृष्णाकाठ, माझं मेडिकलचं दुकान आहे. "त्या पिवळ्या पट्टीतल्या दहा द्या" असं रोज ऐकतो. चिठ्ठी मागितली की गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं. डायक्लोफिनॅक, अ‍ॅसिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन सगळी एका घराण्यातली. त्यात हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर धोका आणखी वाढतो. पुड्यांत स्टेरॉइड आणि वेदनाशामक मिसळलेलं सापडल्याच्या बातम्या तर नेहमीच्या. वेदना "जादूसारखी" जात असेल तर शंका घ्या.

---

दुर्बीणवाला

कृष्णाकाठ, आई बरी आहे हे वाचून बरं वाटलं. तुमचा शेवटचा प्रश्न माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. साधन नसणं हा गुन्हा नाही. लहान गावात एकटा डॉक्टर रात्री दोनला दुर्बीण घेऊन उभा राहतो हेच पुष्कळ. ही मोठी क्लिप आयात होते, एकदाच वापरता येते आणि साध्या क्लिपच्या कितीतरी पट महाग आहे, सगळीकडे कपाटात नसणारच. पण पुन्हा रक्त सुरू झालं की घड्याळ धावू लागतं. त्या क्षणी "आमच्याकडे पुढचं नाही, हलवा" हे वाक्य यायला हवं.

पुन्हा रक्तस्राव मुख्यतः पहिल्या ७२ तासांत होतो. म्हणूनच दुर्बिणीतून उपचार झाल्यावर आम्ल रोखणारं औषध तीन दिवस मोठ्या मात्रेत देतात. आम्लात रक्ताची गुठळी विरघळते. २००० सालच्या हाँगकाँगच्या अभ्यासात उपचारानंतर ओमेप्राझोल ७२ तास सतत शिरेतून दिल्यावर ३० दिवसांतला पुनर्रक्तस्राव २२.५ वरून ६.७ टक्क्यांवर आला. तेव्हा "थांबलंय ना, मग आयसीयूत कशाला" असं म्हणून तिसऱ्या दिवसाच्या आत घरी नेऊ नका.

खडूस_आजोबा, तुमच्या दुसऱ्या दुर्बिणीबद्दल. पुन्हा रक्त आलं तर ऑपरेशन की परत दुर्बीण, हेही तपासून झालंय, १९९९ मध्ये. दुसऱ्यांदा दुर्बीण केलेल्या ४८ पैकी ३५ जणांचं काम त्यावर भागलं आणि ऑपरेशनच्या गटापेक्षा गुंतागुंती कमी झाल्या. म्हणजे दुसरी दुर्बीण ही लूट नाही. तिसरीला मात्र माझा विरोध असतो, फार वेगळं कारण असल्याशिवाय.

---

तारवाला

मी इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट. दुर्बीणवाल्यांचा फोन येतो तेव्हा आमचं काम सुरू होतं, आणि तो फोन उशिरा येतो ही आमची जुनी तक्रार.

मांडीच्या किंवा मनगटाच्या धमनीतून बारीक तार-नळी घालून रक्त येणाऱ्या धमनीपर्यंत जायचं आणि आतून धातूची कॉइल सोडून ती बंद करायची. याला एम्बोलायझेशन म्हणतात. भूल सहसा फक्त सुई टोचायच्या जागेपुरती. वृद्ध, हृदयाचा त्रास असलेल्या पेशंटला पोट उघडण्यापेक्षा हे पुष्कळ सोसतं.

दोन बारकावे. गॅस्ट्रोड्युओडेनल धमनीला दोन्हीकडून रक्त मिळतं, वरून यकृताच्या धमनीकडून आणि खालून आतड्याच्या धमनीकडून. फक्त वरचं तोंड बंद केलं तर मागच्या दाराने परत भरतं. म्हणून जखमेच्या अलीकडे आणि पलीकडे, दोन्ही बाजूंनी कॉइल सोडतात. दुसरं, आम्ही बघतो त्या क्षणी रक्तस्राव थांबलेला असू शकतो, त्यामुळे चित्रात गळती दिसत नाही. तिथे दुर्बीणवाल्यांनी जखमेजवळ सोडलेली साधी धातूची क्लिप उपयोगी पडते. एक्स-रेत ती चमकते आणि आम्हाला पत्ता मिळतो. तेव्हा क्लिपने रक्त थांबलं नाही तरी ती वाया गेली असं नाही. लावून ठेवा.

---

सुरीधारी

सर्जनला कुणी विचारलंच नाही तर :)

आजही वेळ येते. क्वचित येते म्हणून ती अवघड. ड्युओडेनम पुढून उघडायचं, बोटाने जखमेवर दाब द्यायचा (इथे भूलतज्ज्ञाला दोन मिनिटं श्वास घेता येतो, तोवर रक्त भरून घेतो), मग धमनीला वर, खाली आणि बाजूने असे तीन टाके. पित्तनलिका जवळच असते, टाका खोल गेला की ती अडकायची भीती. माझ्या विद्यार्थी सर्जनांनी हे ऑपरेशन पुस्तकात जास्त आणि टेबलवर कमी पाहिलंय, कारण दुर्बीणवाले आणि तारवाले बहुतेक पेशंट वाचवतात. चांगलीच गोष्ट. फक्त माझी विनंती तारवाल्यांसारखीच : रक्ताच्या आठव्या पिशवीनंतर नको, चौथ्या पिशवीला फोन करा. आलो आणि गरज पडली नाही तर चहा पिऊन जाईन.

---

बे_एरियावाला

+१. पिशव्यांवरून आठवलं. बाबांचं हिमोग्लोबिन ७.६ होतं आणि डॉक्टर रक्त द्यायला तयार नव्हते. मी इथून फोनवर आकांडतांडव केलं. भाऊ म्हणतो मी उगाच गोंधळ घातला. नक्की काय?

---

दुर्बीणवाला

भावाच्या बाजूने मत. बार्सिलोनाच्या अभ्यासात, २०१३, एका गटाला हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेल्यावरच रक्त दिलं, दुसऱ्याला ९ च्या खाली गेल्यावर. सहा आठवड्यांनी हात आखडता ठेवलेल्या गटात ९५ टक्के जिवंत, दुसऱ्यात ९१. जास्त रक्त भरलं की दाब वाढतो आणि बसलेली गुठळी उडते, विशेषतः यकृताच्या पेशंटमध्ये. धो धो रक्त वाहणाऱ्यांना हा नियम लागू नाही, ते त्या अभ्यासात नव्हतेच. हृदयविकार असेल तर ८ च्या आसपासची मर्यादा धरतात. बाबांना हृदयाचं काही असेल तर तुमचा अर्धा मुद्दा बरोबर :)

याच ओघात : ट्रॅनेक्झामिक अ‍ॅसिडचं इंजेक्शन, "रक्त थांबायचं इंजेक्शन" म्हणून अजून सर्रास देतात. २०२० च्या हॉल्ट-इट चाचणीत १२,००९ पेशंट होते. मृत्यू कमी झाले नाहीत, शिरांत गुठळ्या होण्याचं प्रमाण मात्र वाढलं. बाळंतपणात किंवा अपघातात त्याचा उपयोग आहे, इथे नाही.

---

अबोली

यकृताचा उल्लेख आला म्हणून. माझ्या मामांना लिव्हर सिरोसिस आहे, कधी दारूला शिवले नाहीत, फॅटी लिव्हरमधून झालं. अन्ननलिकेतल्या शिरांना रबर बँड लावलेत. त्यांच्या बाबतीतही हीच क्लिप, पावडर वगैरे?

---

दुर्बीणवाला

अबोली, तो वेगळा प्राणी आहे, वेगळ्या धाग्याच्या लायकीचा. थोडक्यात सांगतो. अल्सरमध्ये धमनी फुटते. सिरोसिसमध्ये यकृतातून वाट न मिळालेलं रक्त मागे तुंबतं आणि अन्ननलिकेच्या शिरा फुगून फुटतात. तिथे मोठी क्लिप नाही लावत. बँड मारतात, टर्लिप्रेसिन किंवा ऑक्ट्रिओटाइडने आतला दाब उतरवतात आणि अँटिबायोटिक लगेच सुरू करतात. जंतुसंसर्ग रोखला की रक्तस्रावही कमी होतो आणि जीवही वाचतात, म्हणून ते टाळायचं नाही.

जठराच्या घुमटातल्या शिरा असतील तर बँड पुरत नाही, तिथे सायनोअ‍ॅक्रिलेट ग्लू टोचतात. जठरातल्या या शिरांची जगभर वापरली जाणारी वर्गवारी दिल्लीच्या डॉ. शिवकुमार सरीन यांची आहे, १९९२ ची. ग्लू शिरेत गेल्याबरोबर घट्ट होतो. थोडा जरी पुढे वाहत गेला तर फुप्फुसात अडकू शकतो, त्यामुळे ते अनुभवी हातानेच करायचं काम.

तरीही थांबलं नाही तर अन्ननलिकेत फुगा फुगवून दाब देतात. तो २४ तासांच्या वर ठेवायचा नसतो, आतली त्वचा मरते. त्याऐवजी जाळीचा स्टेंट मिळाला तर काही दिवस निभावतं. पक्का इलाज म्हणजे तुंबलेल्या रक्ताला यकृतातून नवी वाट काढून देणारी 'टिप्स' (TIPS) नावाची प्रक्रिया, तेही तारवाल्यांचंच काम. आणि मामांना सांगा, बँड लावल्यावर साधारण आठवडा-दहा दिवसांनी बँड गळतात आणि तिथे व्रण उरतो. त्या काळात काळी शी झाली तर "बँडिंग झालंय आता काय होणार" म्हणून घरी थांबायचं नाही.

---

खडूस_आजोबा

एक सरळ प्रश्न. मला अँजिओप्लास्टी झाली आहे, अ‍ॅस्पिरिन रोज. रक्त आलं म्हणून गोळी बंद केली तर स्टेंट बंद पडेल, चालू ठेवली तर पोट. मरायचं कशाने ते तरी निवडता येतं का?

---

दुर्बीणवाला

आजोबा, ह्यावरही आकडे आहेत, आणि ते तुमच्या बाजूचे. हृदय किंवा मेंदूच्या आजारासाठी अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्या, अल्सरमधून रक्त आलेल्या आणि दुर्बिणीने ते थांबवलेल्या १५६ जणांपैकी निम्म्यांना लगेच अ‍ॅस्पिरिन परत दिलं, निम्म्यांना खोटी गोळी. अ‍ॅस्पिरिनवाल्यांत पुन्हा रक्त थोडं जास्त आलं, १०.३ विरुद्ध ५.४ टक्के. पण आठ आठवड्यांतले मृत्यू १.३ विरुद्ध १२.९. म्हणून तुमच्यासारख्यांची गोळी फार दिवस बंद ठेवायची नसते, सहसा काही दिवसांतच परत सुरू करतात, आम्ल कमी करणाऱ्या गोळीच्या पांघरुणाखाली. दोन वेगवेगळ्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर हृदयाच्या डॉक्टरांना फोन केल्याशिवाय एकही थांबवायची नाही.

---

कृष्णाकाठ

आईच्या पोटात ती दातेरी क्लिप अजून आहे का? काढावी लागते? आणि डिस्चार्जच्या वेळी "एच. पायलोरी निगेटिव्ह" असं लिहिलंय, म्हणजे त्याची काळजी नाही ना?

---

दुर्बीणवाला

क्लिप आपोआप गळून शीतून जाऊ शकते, कधी बरेच महिने तशीच राहते. त्रास नसेल तर मुद्दाम काढत नाहीत. एमआरआय करायची वेळ आली तर आधी सांगा आणि क्लिपचं कार्ड दिलं असेल ते सोबत न्या.

'निगेटिव्ह'वर विसंबू नका. रक्त वाहत असताना तपासणीसाठी घेतलेला जठराच्या अस्तराचा तुकडा खोटा निगेटिव्ह येऊ शकतो, त्यात आम्लाची गोळी चालू असली की आणखीच. एच. पायलोरी हा जंतू अल्सरचं मोठं कारण आहे, त्याच्या शोधासाठी बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना २००५ चं नोबेल मिळालं. अल्सर भरल्यावर तपासणी परत करून घ्या, श्वासाची किंवा शीची. आम्लाची गोळी त्याआधी दोन आठवडे बंद लागते, ती कधी आणि कशी थांबवायची ते तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. पॉझिटिव्ह आलं तर औषधांचा पूर्ण कोर्स आणि कोर्स संपल्यावर किमान चार आठवड्यांनी पुन्हा तपासणी.

गुडघ्यांसाठी पॅरासिटामॉल, फिजिओथेरपी आणि ऑर्थोकडे एक फेरी. पुड्या बंद झाल्यात हे उत्तम.

---

सोनचाफा

टिप्स आणि ग्लूवर वेगळा धागा काढाच. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

दुर्बीणवाला

काढतो. तारवाला, अर्धा भाग तुम्ही लिहायचा.